रजा आणि कफन : मोरोक्कन कौटुंबिक चित्रपटांतील निष्ठेची कसोटी

१

मराठीतील 'रजा' हा शब्द मूळचा अरबी होय. फारसीच्या द्वारा तो मराठीत आला आणि येथे त्याला दोन अर्थ प्राप्त झाले : एक अनुमती, आणि दुसरा, त्या अनुमतीने मिळणारी सुटी. 'राजी', 'राजीखुशी', 'राजीनामा' हे शब्द त्याच धातूच्या परिवारातले. मूळ अरबीत ह्या धातूचा अर्थ 'प्रसन्न असणे, संतुष्ट असणे' असा आहे. मोरोक्कोच्या बोलभाषेत, म्हणजे दारिजात, हाच शब्द 'रदा' असा उच्चारला जातो, आणि तेथील कुटुंबजीवनात त्याचे स्थान फार वरचे आहे. आईबापांची अपत्यावरील प्रसन्नता ती रदा. तिच्या विरुद्ध 'सख्त', म्हणजे आईबापांचा कोप. ज्याच्यावर असा कोप ओढवला त्याला 'मस्खूत' म्हणतात. हा शब्द रागाच्या भरात सहज उच्चारला जातो हे खरे. परंतु त्याच्या मुळाशी असलेली शापाची कल्पना अद्यापि पुसली गेलेली नाही.

मोरोक्को १९५६ मध्ये स्वतंत्र झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, मोहम्मद उस्फूर ह्यांनी तयार केलेला चित्रपट हा त्या देशातील पहिला कथापट मानला जातो. त्याचे नाव 'अल्-इब्न अल्-आक', म्हणजे आईबापांशी कृतघ्न झालेला मुलगा. स्वतंत्र देशाच्या चित्रपटाने आपला पहिला विषय म्हणून निष्ठाभंग निवडावा, ही गोष्ट अभ्यासकाने सहज सोडून देण्याजोगी नाही.

मोरोक्कन चित्रपटांची चिकित्सा बहुधा एका ठरावीक वाटेने होते. दारिद्र्य हे कारण, कुटुंबाची वाताहत हा परिणाम, आणि त्या वाताहतीतून जे काही स्नेहबंध वाचतात ती निष्ठा, असा तो क्रम असतो. हा क्रम चुकीचा नव्हे. पण तो अपुरा आहे. दारिद्र्याने माणसे का मोडतात ते त्याने कळते. मोडलेल्या माणसांपैकी एखादे दुसऱ्यासाठी उभे का राहते ते कळत नाही. चित्रपट हा मग समाजस्थितीचा दाखला एवढाच उरतो आणि कलाकृती म्हणून त्याने जो प्रश्न विचारला तो अनुत्तरित राहतो.

ह्या चित्रपटांतील निष्ठेची खरी कसोटी मृताच्या संदर्भात लागते, हे विधान येथे तपासून पाहावयाचे आहे. जिवंत माणसाशी राखलेल्या निष्ठेत भय, लोभ आणि लोकलज्जा ह्यांची भेसळ होऊ शकते. मृताकडून मात्र काही मिळावयाचे नसते, आणि त्याची रजा विचारण्याची सोयही उरलेली नसते. इस्लामी धर्मशास्त्रात मृताचे स्नान, कफन, प्रार्थना आणि दफन ही कर्मे समग्र समाजावरील कर्तव्य मानली आहेत : काहींनी ती केली तर इतर मोकळे होतात, कोणीच केली नाहीत तर सर्वच दोषी ठरतात. म्हणजे मृताचा हक्क हा केवळ रक्ताच्या नात्यापुरता नसतो. ज्याला कोणी नाही त्याचे कोण करणार, हा प्रश्न त्यामुळे त्या समाजात प्रत्येकाच्या दाराशी येऊन उभा राहतो. मोरोक्कन दिग्दर्शकांनी हाच प्रश्न पुनःपुन्हा हाताळला आहे.

२

आरंभी मृताची जागा घेण्याचा प्रश्न पाहणे इष्ट ठरेल. अहमद एल् मानूनी ह्यांचा 'अल्याम, अल्याम' हा १९७८ चा चित्रपट. कान येथील महोत्सवाच्या 'अं सर्तें रगार' ह्या विभागात त्या वर्षी तो दाखविला गेला. 'अल्याम' म्हणजे दिवस. नावातील द्विरुक्ती ही दिवसांना घातलेली साद आहे. कासाब्लांकाच्या आसपासच्या ग्रामीण प्रदेशात एका शेतकरी कुटुंबाचा कर्ता वारला आहे. थोरला मुलगा अब्देलवाहद ह्याने आता त्याची जागा घ्यावी, आई ह्लीमा आणि धाकटी भावंडे ह्यांचा भार उचलावा, अशी अपेक्षा आहे. त्याला मात्र फ्रान्सला कामासाठी जावयाचे आहे. गावकऱ्यांनी स्वतःच्याच भूमिका केल्या आहेत, आणि नांगरणी, बाजार, जेवण ह्या गोष्टी कॅमेरा घाई न करता पाहत राहतो.

ह्या चित्रपटात खलपुरुष कोणी नाही. मुलगा कृतघ्न नाही आणि आई हटवादी नाही. जमिनीत भागत नाही म्हणून तो निघाला आहे, आणि तो गेला की जमीन कोण पाहील म्हणून ती त्याला अडवीत आहे. दोघांचेही म्हणणे कुटुंबाच्या हिताचेच आहे. निष्ठेला येथे राहणे आणि जाणे अशी दोन परस्परविरोधी रूपे प्राप्त झाली आहेत. मराठी 'रजा' शब्दात अनुमती आणि निघून जाणे हे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. अब्देलवाहदची सारी कुतरओढ त्या दोन अर्थांमधल्या अंतरात आहे. आईची रदा न घेता गेला तर तो मस्खूत ठरेल. तिच्यासाठी राहिला तर ज्या कुटुंबासाठी राहिला त्याचेच पोट भरणार नाही. कष्ट येथे निष्ठेचे कारण नाहीत. निष्ठेचा अर्थ ठरविणे त्यांनी कठीण करून ठेवले आहे, एवढेच.

जाणाऱ्याची कथा ह्याप्रमाणे सांगितली गेली. मागे राहणाऱ्यांची कथा यास्मीन कस्सारी ह्यांनी 'लांफां आंदोर्मी', म्हणजे 'निजलेले मूल', ह्या २००४ च्या चित्रपटात सांगितली. ईशान्य मोरोक्कोतील पुरुष स्पेनकडे निघून जातात. नवविवाहित झैनबचा नवरा लग्नापाठोपाठ जातो, आणि तिला दिवस राहिल्याचे नंतर कळते. गर्भाला मंत्रतंत्राने निजविता येते व पुढे इच्छेनुसार जागे करता येते, अशी मगरिबात जुनी समजूत आहे. अशा गर्भाला 'राकद', म्हणजे निजलेला, म्हणतात. नवरा परत येईतो झैनबचा गर्भ निजविला जातो. समजुतीचे खरेखोटेपण दिग्दर्शिकेने तपासलेले नाही. गावातील स्त्रियांचे थांबलेले आयुष्य एका शब्दात कसे मावते ते तिने दाखविले आहे. जो परत येईल की नाही हे ठाऊक नाही त्याच्यासाठी थांबणे ही जिवंतपणीच मृताशी राखावयाच्या निष्ठेसारखी निष्ठा आहे; आणि तिची किंमत एकटी स्त्रीच मोजते.

३

परदेशात स्थायिक झालेल्यांच्या दुसऱ्या पिढीत हा प्रश्न भाषेच्या रूपाने प्रकट होतो. इस्माएल फरूखी ह्यांच्या 'ल ग्राँ व्वायाज' ह्या २००४ च्या चित्रपटात फ्रान्सच्या दक्षिणेतील एक वृद्ध मोरोक्कन कामगार मोटारीने मक्केला निघतो. गाडी चालविण्यासाठी धाकटा मुलगा रेदा ह्याला त्याच्या मनाविरुद्ध बरोबर घेतले जाते. बाप दारिजात बोलतो, मुलगा फ्रेंचमध्ये उत्तर देतो. दोघांनाही एकमेकांचे शब्द कळतात, तरीही संभाषण होत नाही. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही स्थिती परिचित आहे : ग्रहण एका भाषेत, उक्ती दुसऱ्या भाषेत. फरूखींनी तिचा उपयोग केवळ वास्तवाच्या आभासासाठी केलेला नाही. बापाची भाषा बोलणे म्हणजे त्याचा अधिकार मान्य करणे, आणि रेदाला तेच नको आहे.

वाटेत एके ठिकाणी बाप एका भिकारी स्त्रीला पैसे देतो. जवळ पैसे थोडे उरलेले असल्याने रेदा चिडून ते तिच्याकडून हिसकावून घेतो, आणि बाप त्याच्या मुस्कटात मारतो. प्रवासाच्या शेवटी मक्केच्या गर्दीत बाप परतत नाही. रेदा त्याला शोधीत फिरतो आणि अखेर अनोळखी मृतदेहांमध्ये त्याला ओळखतो. जो मुलगा सारा प्रवास बापाकडे पाठ फिरवून बसला होता तो त्या देहापाशी कोसळतो. त्यानंतर परतीच्या वाटेवर रेदा एका भिकारी स्त्रीच्या हातावर पैसे ठेवतो. त्या क्षणी कोणी काही बोलत नाही. बापाची भाषा त्याने अखेरपर्यंत उचलली नाही, पण बापाची कृती उचलली. हयातीत जी रदा मागितली नाही ती मृत्यूनंतर अशा आडवळणाने मागितली जाते. चित्रपटातील हे सर्वांत संयत स्थळ होय, आणि सर्वांत मोलाचेही.

४

ज्यांना आईबापच नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, त्यांच्या बाबतीत काय? नबील अयूश ह्यांचा 'अली झावा' (२०००) ह्या प्रश्नाचे उत्तर शोधतो. अली, क्वीता, ओमर आणि बुबकर ही कासाब्लांकाच्या रस्त्यावर वाढलेली चार मुले. मुक्या दिबच्या टोळीतून ती बाहेर पडली आहेत. टोळीशी झालेल्या झटापटीत एक दगड अलीच्या डोक्याला लागतो आणि तो मरतो. उरलेली तिघे ठरवितात की अली जगला कसाही असो, त्याला राजपुत्रासारखा पुरावयाचा. बंदरात प्रेत लपवून ठेवून ती तयारीला लागतात. अलीला खलाशी व्हावयाचे होते, दोन सूर्य असलेल्या एका बेटावर जावयाचे होते. म्हणून त्याला खलाशाचा पोशाख हवा. मुलांच्या भूमिका बव्हंशी रस्त्यावरच्याच मुलांनी केल्या आहेत.

कथानक म्हणून पाहिले तर हा एका दफनाचा वृत्तान्त आहे. तीन मुले पोशाख मिळवू पाहतात, एका वृद्ध खलाशाची मदत घेतात, अलीच्या आईचा शोध करतात. त्यांना स्वतःला जेवण मिळण्याची शाश्वती नाही, तरी मृताचे देणे त्यांनी अंगावर घेतले आहे. समाजाने जे कर्तव्य सर्वांवर टाकले ते समाजातील कोणीच करीत नाही, म्हणून समाजाबाहेर फेकलेली मुले ते पार पाडतात. येथे करुणेपेक्षा आरोप अधिक आहे. आणि तो आरोप कोणाच्या तोंडी घातलेला नाही, ही चित्रपटाची शक्ती आहे. ही तिघे अलीची भावंडे नव्हेत. त्याला पुरता पुरता ती त्याची भावंडे होतात. नाते आधी आणि कर्तव्य मागून, हा नेहमीचा क्रम येथे उलटा झाला आहे.

चित्रपटात दोष नाहीत असे नाही. भिंतीवरच्या खडूच्या चित्रांना हालचाल देऊन मुलांची स्वप्ने दाखविणारी दृश्ये मोहक आहेत, आणि कधीकधी ती मोहकता दारिद्र्याची धार बोथट करते. परंतु दफनाच्या हट्टाला दिग्दर्शकाने कोठेही भाबडेपणाचे रूप दिलेले नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

५

मरियम तूझानी ह्यांच्या दोन चित्रपटांत हाच प्रश्न घराच्या आत येतो. 'आदम' (२०१९) मधील अब्ला ही विधवा कासाब्लांकाच्या जुन्या वस्तीत घरच्या खिडकीतून रोट्या आणि पक्वान्ने विकून मुलीला, वर्दाला, वाढवीत आहे. तिच्या दारात सामिया ही अविवाहित गर्भवती तरुणी काम आणि आसरा मागत येते. मोरोक्कोच्या दंडसंहितेचे ४९० वे कलम विवाहबाह्य संबंधाला गुन्हा ठरविते आणि त्यासाठी एक महिना ते एक वर्ष कारावास सांगते. अब्ला प्रथम नकार देते, मग दोनचार दिवसांपुरती तिला ठेवून घेते. सामिया 'रझिझा' हे सुतासारख्या पीठाच्या धाग्यांचे पक्वान्न करू लागते. ते खपते, आणि दोघींमधले अंतर कामाच्या ओघात कमी होते.

अब्लाच्या कठोरपणाचे कारण पुढे उलगडते. नवरा अपघाती गेला तेव्हा त्याचा देह तिच्या हाती आलाच नाही. पुरुषांनी तो नेला आणि पुरला. तिला निरोप घेता आला नाही. तेव्हापासून तिने घरातले गाणे बंद केले आहे, आणि त्यात त्या अल्जीरियन गायिकेचे गाणेही आले जिच्यावरून मुलीचे नाव ठेवले होते. मृताचे देणे द्यावयाचे राहून गेल्यामुळे जिवंतांशी असलेले तिचे नातेही थिजून गेले आहे, असे हे चित्रण आहे. सामिया तिला ते गाणे बळेच ऐकवते तेव्हा अब्ला प्रथम झगडते. नंतर तिचे शरीर सैल होते. त्या दृश्यात घडते ते एक प्रकारचे उशिरा झालेले श्राद्धच म्हणता येईल. सामिया येथे उपकृत नाही. तिनेही काही दिले आहे. म्हणूनच ह्या दोन स्त्रियांमधील निष्ठा दयेच्या पातळीवर घसरत नाही.

'ल ब्ल द्यु काफ्तान', म्हणजे 'काफ्तानाचा निळा रंग' (२०२२), ह्या चित्रपटात ही कल्पना पूर्णत्वास जाते. सले ह्या शहराच्या जुन्या पेठेत हलीम हा 'मअल्लम', म्हणजे उस्ताद कारागीर, हाताने काफ्ताने शिवतो. पत्नी मीना दुकान सांभाळते. हलीमचे मन पुरुषांकडे ओढ घेते, आणि हे गुपित मीनाला ठाऊक आहे. दंडसंहितेच्या ४८९ व्या कलमान्वये समलिंगी संबंधास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आहे. यूसुफ हा नवा शागीर्द दुकानात येतो. मीना कर्करोगाने झिजत आहे. मत्सराने ती यूसुफवर चोरीचा आळ घेते आणि नंतर तो आळ खोटा असल्याचे स्वतः कबूल करते. अखेर तिघे एका छताखाली तिच्या शेवटच्या दिवसांची सोबत करतात.

तिच्या मृत्यूनंतर स्त्रिया तिला पांढऱ्या कफनात गुंडाळतात. हलीम ते कफन सोडवितो आणि महिनोन्महिने खपून गिऱ्हाइकासाठी शिवलेले निळे काफ्तान तिला घालतो. तो आणि यूसुफ तिरडी खांद्यावर घेऊन गल्ल्यांतून स्मशानाकडे जातात. कफन साधे, पांढरे, सर्वांना सारखे असावे हा दंडक हलीमने मोडला. पण त्यामागे बंडाची भाषा नाही. असे वस्त्र आपल्या लग्नात आपल्याला लाभले असते तर, अशी मीनाची साधी इच्छा होती. नवऱ्याजवळ देण्यासारखे एकच होते, ते म्हणजे त्याचे कसब. ते त्याने दिले. अलीला खलाशाचा पोशाख आणि मीनाला काफ्तान ही दोन वस्त्रे एकाच जातीची आहेत. मृताने जगताना जे व्हावयाचे म्हटले ते मृत्यूत तरी त्याला होऊ द्यावे, हा त्यांचा अर्थ.

मीनाची क्षमाशीलता थोडी अधिक सुबक झाली आहे, असा आक्षेप घेता येईल. चोरीचा खोटा आळ हा प्रसंग नसता तर ती केवळ त्यागमूर्ती उरली असती. त्या एका क्षुद्र कृत्याने ती माणसांत राहिली आहे.

६

एवढ्यावरून मोरोक्कन चित्रपट निष्ठेचे गुणगान करतो असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. दोन चित्रपट त्याच्या आड येतात.

पहिला अयूश ह्यांचाच 'ले श्वो द द्यो', म्हणजे 'ईश्वराचे अश्व' (२०१२). माही बिनबिन ह्यांच्या २०१० च्या कादंबरीवर तो आधारलेला असून १६ मे २००३ रोजी कासाब्लांकात झालेल्या आत्मघाती स्फोटांची त्याला पार्श्वभूमी आहे. सिदी मूमेन ह्या झोपडवस्तीतील हमीद आणि यासीन हे दोन भाऊ. हमीद तुरुंगातून परततो तो धर्मांध गटाचा सदस्य होऊनच. त्या गटातील माणसे एकमेकांचे 'भाऊ' आहेत. घरातला शब्द संघटनेने उचलला आणि त्याबरोबर घरातली निष्ठाही उचलली. शेवटी हमीदचे मन कचरते, तो यासीनला मागे फिरविण्याचा प्रयत्न करतो, पण यासीन आता दुसऱ्या भावांचा झालेला असतो. ह्या निष्ठेचा शेवट अशा मृत्यूत आहे की ज्या देहाला स्नान घालावयाचे तो देहच उरत नाही. 'अली झावा'तील मुले मृताला माणसांत परत आणतात. येथे जिवंत मुले माणसांतून उठविली जातात. बारा वर्षांच्या अंतराने एकाच दिग्दर्शकाने एकाच शहरातील एकाच थरातल्या मुलांच्या ह्या दोन कथा सांगितल्या. दारिद्र्य दोन्हीकडे सारखेच असता निष्पत्ती इतकी भिन्न होते, हेच दारिद्र्याला एकमेव कारण मानणाऱ्या चिकित्सेला पुरेसे उत्तर आहे.

दुसरा चित्रपट मेरियेम बेन्मबारेक ह्यांचा 'सोफिया' (२०१८). कान येथे 'अं सर्तें रगार' विभागात त्याला उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले. सोफिया अविवाहित असता प्रसूत होते आणि ओमर ह्या गरीब वस्तीतल्या तरुणाचे नाव बाप म्हणून सांगते. तिच्यावर अत्याचार करणारा वास्तविक कुटुंबाच्या व्यवहारातील एक प्रतिष्ठित भागीदार आहे. हे सत्य कळल्यावरही ते झाकले जाते, आणि लग्न लावले जाते. घर वाचते, इभ्रत वाचते, व्यवहारही वाचतो. ज्याने काही केले नाही तो ओमर मात्र त्या निष्ठेचा मोबदला चुकता करतो. सोफिया स्वतः बळी असूनही एका दुबळ्याला बळी देते. दिग्दर्शिकेने तिला सहानुभूतीच्या आड लपू दिलेले नाही. कुटुंबनिष्ठा ही वर्गहिताची चाकर कशी होते ह्याचे इतके थंड डोक्याने केलेले चित्रण विरळा.

हे दोन चित्रपट पूर्वोक्त विधानाचे खंडन करीत नाहीत. त्याची मर्यादा ते स्पष्ट करतात. ह्या दोहोंतील निष्ठेला काही ना काही परतफेड हवी आहे : एकीला स्वर्ग, दुसरीला इभ्रत. क्वीता आणि त्याच्या सोबत्यांना, हलीमला, भिकारीण ओलांडून न जाणाऱ्या रेदाला अशी परतफेड मिळणार नाही. निष्ठा आणि निष्ठेचे सोंग ह्यांच्यामधला फरक मोरोक्कन दिग्दर्शकांनी उपदेशाने सांगितला नाही. मृताच्या देहाशी पात्रे कशी वागतात एवढेच त्यांनी दाखविले.

अभ्यासकाच्या दृष्टीने ह्यातून एक पद्धतीविषयक सूचना निघते. परक्या समाजाचा चित्रपट पाहताना त्यातील दुःखे ताबडतोब ओळखीची वाटतात, कारण भूक, परागंदा होणे, विधवेचे कष्ट ह्या गोष्टी सर्वत्र सारख्या दिसतात. कर्तव्ये मात्र तशी सारखी नसतात. ती त्या समाजाच्या शब्दांतच वाचावी लागतात. 'रदा' म्हणजे 'आशीर्वाद' असे भाषांतर करून मोकळे होणाऱ्याला ह्लीमाचा विरोध हा आईचा आक्रोश एवढाच दिसेल. त्या शब्दातील संतोष, अनुमती आणि शापाची छाया ही तिन्ही ध्यानात घेणाऱ्यालाच अब्देलवाहदच्या निघण्याला इतका वेळ का लागतो ते उमगेल. हाच धातू मराठीतही, थोडा झिजून का होईना, रोजच्या बोलण्यात आहे. मराठी वाचकाला हे चित्रपट वाचण्याची ती एक जवळची वाट आहे.